सगळं ठप्प झालंय, हातच उचलत नाही. तुम्ही यातून कसे बाहेर पडलात?

लेथवाला३३ (५ जुलै, रात्री ११.५२)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथं नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझं छोटं मशीन शॉप आहे. एक जुना लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल. बाबांनी सुरू केलेलं, ते गेल्यावर सहा वर्षं मी चालवतोय. हायड्रॉलिकचे पार्ट, व्हॉल्व्हच्या बॉड्या, मिळेल ते जॉबवर्क. मार्चमध्ये एका मोठ्या गिऱ्हाइकानं काम काढून घेतलं. नाव घेत नाही. निम्मा धंदा त्याच्यावरच होता. हाताखालचा पोरगा एप्रिलमध्ये दुसरीकडे लागला, त्याची चूक नाही. तेव्हापासून मी जो बसलोय तो बसलोयच.

रोज नऊला तिसरं रेल्वे गेट ओलांडून शॉपला जातो. शटर उघडतो. खुर्चीत बसतो. मोबाईल बघतो. एकला डबा खातो. सहाला शटर ओढून घरी. आई विचारते, "काम होतं काय रे आज?" मी होय म्हणतो.

कोल्हापूरच्या एका पार्टीचं ड्रॉइंग टेबलावर पडलंय. पितळी बुश, २४ नग. नुसतं कोटेशन द्यायचंय, अर्ध्या तासाचं काम. आज बावीस दिवस झाले. ड्रॉइंगवर चहाच्या कपाचे तीन गोल उठलेत, पण कॅल्क्युलेटर काही हातात घेतला गेला नाही. फोन वाजला की छातीत धस्स होतं म्हणून फोन सायलेंटवर. जीएसटीचं पोर्टल मार्चनंतर उघडलेलं नाही. किती दंड चढला असेल या विचारानं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाही, आणि सकाळी तेच पोर्टल उघडायला हात होत नाही.

प्रेरणा देणारे व्हिडिओ शेकड्यानं बघितले. दहा मिनिटं बरं वाटतं, मग आधीपेक्षा जास्त खचायला होतं. काय करायचं ते कळतंय सगळं, वळतच नाही. कुणी यातनं बाहेर आलं असेल तर नेमकं काय केलंत ते सांगा.

---

राजहंसगड (६ जुलै, सकाळी ५.४०)

दादा, मी येळ्ळूरचा. रोज सकाळी साडेसहाला गडावर चढतो. उद्यमबागेतनं तुम्हाला किती लांब? उद्या या. बोलायचं नसलं तर बोलू नका, नुसतं चढू.

---

मनमोकळं (६ जुलै, सकाळी ८.१५)

मी समुपदेशनाचं काम करते. इथं मात्र तुमच्यासारखीच एक सभासद म्हणून लिहितेय, माझ्या लिहिण्याला तपासणी समजू नका.

आधी एक प्रश्न, तोही सरळच विचारते. रात्री दोनपर्यंत जाग असते तेव्हा जगून काय करायचं, आपण नसलो तर बरं, असे विचार येतात का? येत असतील तर पुढचं वाचत बसू नका. घरात कुणाला तरी आजच सांगा आणि १४४१६ ला फोन लावा. ही टेलिमानस, केंद्र सरकारची मोफत सेवा. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालते आणि भाषा निवडता येते, मराठीही आहे. आपल्याकडच्या पुष्कळांना वाटतं की कर्नाटकातून फोन लावला म्हणजे कन्नडच बोलावं लागणार. तसं नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे. आधी उत्साह येईल, मग काम होईल, अशी आपली समजूत असते. मन खचलेलं असताना हा क्रम चालत नाही. फोन सायलेंटवर टाकला त्या क्षणी तुम्हाला हायसं वाटलं असेल. तेच हायसं वाटणं घात करतं. मनाला कळतं की टाळलं की सुटका होते, मग ते दरवेळी टाळायला लावतं. इकडे न केलेलं काम वाढत जातं, त्याची भीती वाढते, आणि दिवसभरात हातून काही घडत नसल्यामुळे बरं वाटण्याजोगंही काही उरत नाही. हे चक्र मनाला समजावून तुटत नाही. भीती असतानाच, अगदी लहानसं काहीतरी करून ते तुटतं. ते करून झालं की मन थोडं हलतं. आधी नाही, नंतर.

हे मी मनचं सांगत नाही. १९७०च्या दशकात पीटर लेविनसोन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं या विचाराची मांडणी केली, आणि त्यावर आपल्या शेजारीच गोव्यात फार मोलाचं काम झालंय. तिथल्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांवर 'संगत' या संस्थेनं आणि डॉ. विक्रम पटेल यांच्या गटानं अभ्यास केला. निम्म्यांना नेहमीचे उपचार. निम्म्यांना त्याच्या जोडीला साध्या, प्रशिक्षण दिलेल्या माणसांबरोबर सहा ते आठ बैठका. हे लोक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्रज्ञही नव्हते. बैठकांत मुख्य भर एकाच गोष्टीवर: सोडून दिलेली कामं, भेटीगाठी, रोजच्या गोष्टी तुकड्या-तुकड्यांनी परत सुरू करायच्या. तीन महिन्यांनी बैठका झालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटात ३९ टक्के. 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलंय.

तर तुम्हाला माझं एकच सांगणं. कोटेशन, जीएसटी, नवीन गिऱ्हाईक, सगळं बाजूला ठेवा. उद्या शॉपमध्ये असं एक काम करा की ज्यात डोकं लागत नाही, हात लागतात, आणि जे अर्ध्या तासात संपतं. काय असेल ते तुम्हीच ठरवा, मला लेथमधलं काही कळत नाही. किती वाजता करणार ते मात्र आज रात्रीच कागदावर लिहून ठेवा.

आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप नाही, भूक नाही, कशातच रस नाही असं असेल तर डॉक्टरांना दाखवाच. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ तपासून घ्या. बारा महिने आळशी म्हणून बोलणी खाल्लेल्या माणसाचं थायरॉईड निघालेलं मी पाहिलंय. जवळपास कुणाकडे जावंसं वाटत नसेल तर धारवाडची मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, बेळगावातून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं.

---

तंबाखूपट्टा (६ जुलै, दुपारी १.०५)

ताईंचं सगळं वाचलं. राग मानू नका, पण मला हे अर्धंच पटतं.

मी निपाणीकडचा शेतकरी. कारखान्याला ऊस घातल्यावर १४ दिवसांत पैसे द्यायचे असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय, उशीर झाला तर १५ टक्के व्याजही. आमचे पैसे कधी आले ते मी इथं लिहीत नाही. त्या चार महिन्यांत मीही असाच बसून होतो. सोसायटीचा माणूस वाटेत दिसला की गल्ली बदलायचो. आता मला कुणी म्हणालं असतं की लहानसं काम कर, बरं वाटेल, तर मी उठून गेलो असतो. माझं मन बिघडलं नव्हतं हो, माझे पैसे अडकले होते. या दादाचंही गिऱ्हाईक गेलंय. त्याला धंदा पाहिजे. प्रत्येक गोष्ट मनावर घातली की ज्याच्यामुळं झालं तो मोकळा सुटतो.

मी बाहेर आलो ते चारचौघांच्या नादानं. आमच्या गावात अठराजणांचे पैसे अडकले होते आणि अठराच्या अठरा आपापल्या घरात तोंड लपवून बसले होते. एकदा देवळात बसलो आणि प्रत्येकानं आपला आकडा मोठ्यानं सांगितला. दुसऱ्या दिवशी मिळून तालुक्याला गेलो. पैसे लगेच आले नाहीत. पण त्या रात्री मी झोपलो.

माझे वडील १९८१ साली शरद जोशींच्या तंबाखू आंदोलनात निपाणीला हायवेवर बसले होते. ते सांगायचे, रस्त्यावर जाऊन बसेपर्यंत प्रत्येकाला वाटत होतं की भाव पडलाय तो माझ्या एकट्याच्या नशिबानं.

---

मनमोकळं (६ जुलै, दुपारी २.३०)

तंबाखूपट्टा दादा, राग कसला. तुमचं खरं आहे आणि मी ते लिहायला हवं होतं. पैसे अडकले असताना माणसाला 'सकारात्मक राहा' म्हणणं म्हणजे त्याच्या जखमेवर मीठ. तुम्ही अठराजण देवळात बसलात ना, मी म्हणते ती लहान कृती तीच. फक्त तुम्ही ती एकट्यानं केली नाहीत, आणि तिथं तुमचं म्हणणं माझ्यापेक्षा भारी आहे.

---

हिशेबनीस (६ जुलै, रात्री ९.२०)

टिळकवाडीत हिशेबाचं काम करतो, वीस वर्षं झाली. मनाबद्दल मला बोलता येणार नाही. आकड्यांबद्दल येतं.

लेथवालासाहेब, तुम्ही म्हणता पोर्टल मार्चनंतर उघडलं नाही. तुमचं रिटर्न महिन्याचं आहे असं धरतो, उलाढाल वर्षाला दीड कोटीच्या आतली. म्हणजे मार्च, एप्रिल आणि मे, असे तीन महिन्यांचे ३-बी (जीएसटीचे महिन्याचे रिटर्न) थकलेत. उशिराचा आकार दिवसाला ५० रुपये, पण तुमच्या उलाढालीला एका रिटर्नमागे जास्तीत जास्त २,०००. त्याच्या वर जात नाही.

मार्चचं २० एप्रिलला द्यायचं होतं, कालपर्यंत ७६ दिवस. ३,८०० होतात, पण घेतात २,०००.
एप्रिलचं २० मेला, ४६ दिवस. २,३०० होतात, घेतात २,०००.
मेचं २० जूनला, १५ दिवस, ७५०.

एकूण ४,७५० रुपये. ज्या महिन्यात काहीच काम नव्हतं त्याचं याहून कमी. वर जो कर रोखीनं भरायचा राहिलाय त्यावर वर्षाला १८ टक्के व्याज. समजा ३०,००० थकलेत, तर महिन्याला ४५० रुपये.

रात्री दोनला तुमच्या डोक्यात कुठला आकडा फिरत होता?

धोका वेगळ्याच ठिकाणी आहे, तोही सांगून ठेवतो. दोन महिने ३-बी थकलं की माल गाडीनं पाठवायला लागणारं ई-वे बिल निघत नाही. तुम्ही बिलं चढवली नाहीत तर गिऱ्हाइकाला त्या बिलावरच्या कराची वजावट (क्रेडिट) दिसत नाही, आणि जे फोन तुम्ही सायलेंटवर टाकताय त्यातले निम्मे बहुतेक त्यासाठीच असतील. सलग सहा महिने झाले तर नोंदणी रद्द होऊ शकते. तुमचे तीन झालेत. अजून हाताबाहेर काही गेलेलं नाही.

शनिवारी संध्याकाळी बिलांची पिशवी घेऊन माझ्याकडं या. लावून आणू नका, तशीच आणा. पोर्टल मी उघडतो, तुम्ही शेजारी बसा.

---

लेथवाला३३ (७ जुलै, रात्री १२.१०)

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. ताई, तसले विचार नाहीत. दमलोय फार, पण तसं नाही.

हिशेबनीससाहेब, खरं सांगतो, माझ्या डोक्यात दीड-दोन लाख होतं. ४,७५० वाचून मी उठून पाणी प्यालो. येतो शनिवारी.

---

धोटा (७ जुलै, सकाळी १०.४५)

वडगावात आमचे चार माग. साड्या विणतो.

२०१९ च्या ऑगस्टात बळ्ळारी नाल्याचं पाणी मागाच्या खोलीत शिरलं. गुडघाभर. बीमवरचं, म्हणजे ताण्याच्या रुळावरचं, सूत भिजून काळं पडलं. कसंबसं उभं राहिलो तर पुढच्या मार्चात लॉकडाऊन. तयार साड्या घरातच पडून, घ्यायला कुणी नाही. चार महिने माग बंद. नंतर बाकीच्यांचे सुरू झाले, गल्लीत खडखड ऐकू यायची, पण मी माझ्या खोलीचं दार उघडत नव्हतो. बायको नुसती बघायची, बोलायची नाही. ते जास्त लागायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुना बीम संपला की नवीन बीम चढवून त्याचा एकेक दोरा जुन्याच्या टोकाला जोडावा लागतो. सांधणी म्हणतात त्याला. बोटाला राख लावायची, दोन टोकं जवळ आणायची, पीळ द्यायचा, सोडायचं, पुढचा घ्यायचा. हजारो दोरे. एवढे दोरे जोडायचेत असं बीमकडं बघून म्हणाल तर हात गळतात. माझे तेच झाले होते.

एक दिवस शेजारचे मामा आले. सत्तरीचे, आयुष्यभर सांधणीचंच काम केलेले. मला काही विचारलं नाही. दार ढकललं, पाट घेतला, मागासमोर बसले आणि सुरू केलं. मी दारात उभा. अर्ध्या तासानं मान वर न करता म्हणाले, "ती राखेची वाटी जरा इकडं सरकव गा." मी वाटी सरकवली आणि त्यांच्या शेजारी बसलो. संध्याकाळपर्यंत दोघं सांधत होतो. ते माझ्या अडचणींबद्दल एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या नातीच्या शाळेचं बोलले, मंगाईच्या यात्रेचं बोलले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. मी एकटाच बसलो.

मामा गेल्या वर्षी वारले. त्यांना हे कधी सांगितलं नाही मी, म्हणून इथं लिहितोय.

---

राजहंसगड (७ जुलै, सकाळी ११.००)

धोटाभाऊ 🙏

लेथवाला आज गडावर आले होते. पायऱ्यांवर दोनदा बसले, पण वरपर्यंत आले. खाली शेतात रोपलावणी चाललीय, ती बघत बसलो होतो.

---

अभ्यासिका_निपाणी (८ जुलै, दुपारी ४.१५)

माझं थोडं वेगळं आहे, पण इथंच विचारते. दहावीपर्यंत मराठी माध्यम. पदवी झाली, आता राज्याच्या परीक्षांचा अभ्यास करतेय, तिसरं वर्ष. बाकी विषय जमतात. कन्नडचा पेपर उत्तीर्ण व्हावाच लागतो आणि तिथं माझं पाऊल अडतं. बोलता येतं, बाजारात, बसमध्ये सगळं निभावतं. लिहायला बसलं की अक्षरं अंगावर येतात. गेले दोन महिने कन्नडचं पुस्तक उघडलेलं नाही, आणि ते उघडलं नाही या अपराधीपणापायी बाकीचंही उघडत नाही. दिवसभर अभ्यासिकेत बसून असते. घरी वाटतं पोरगी दहा तास अभ्यास करते. लेथवाला दादांचं "आई विचारते, मी होय म्हणतो" वाचलं आणि रडू आलं.

---

खानापूरची_अक्का (८ जुलै, रात्री ८.३०)

बाळ, रडू नको. मी जांबोटीकडची. लिहायची सवय नाही, नातू टाइप करूलाय, मी सांगूलोय.

मी चौथी शिकलो. मालक गेले तेव्हा चाळीस वर्षांचो होतो. घरातलं भात, काजू, भाजी घेऊन आठवडी बाजारात बसायला लागलो. समोरचं गिऱ्हाईक कन्नड. पहिले चार बाजार मी कायबी बोललो नाही, बोटं दाखवायचो. लाज वाटायची. शेजारी बैलहोंगलची एक मिरचीवाली बसायची. ती मला म्हणाली, दर बाजाराला एक शब्द घेऊन जा घरला. पहिला शब्द "एष्टु", म्हणजे किती. आठवडाभर तोच. दुसऱ्या बाजाराला दुसरा. मग तिला पण मी मराठी शब्द दिले. दोन वर्षांनी मी भांडायला लागलो कन्नडात.

वाचायला मी बसच्या पाट्यांवर शिकलो. स्टँडवर बस लागायची, वर गावाचं नाव. गाव मला ठाऊक असायचं, म्हणून अक्षर ओळखायला यायचं. खानापूर म्हणजे हे पहिलं 'खा', मग खानापूरच्या 'ना'वरनं दुसरं अक्षर. असं.

तू शिकलेली पोर. पुस्तक उघडू नको महिनाभर. रोज स्टँडवर पाच पाट्या वाच आणि घरी येऊन त्या पाच लिही. पाचच. सहावी लिहू नको, इच्छा झाली तरी नको. आणि आईला खरं सांग. आईला कळलेलं असतंय.

---

अभ्यासिका_निपाणी (८ जुलै, रात्री ९.१०)

अक्का, 🙏🙏 उद्यापासून स्टँडवर.

---

रात्रपाळी (९ जुलै, पहाटे ३.४०)

मी परिचारिका आहे. सगळ्यांनी काम सुरू करा, काम सुरू करा असं लिहिलंय, म्हणून एक उलटी बाजू. मी दीड वर्ष न थांबता काम केलं, आणि मग एक दिवस रुग्णाच्या हाताला सलाईन लावताना मला त्याचं नावच आठवेना. माझ्यात प्रेरणेची काही उणीव नव्हती. झोप नव्हती. मला बरं केलं ते अकरा दिवसांच्या रजेनं, आणि त्यातले पहिले चार मी फक्त झोपले. लेथवाला बसून राहून दमलाय आणि मी उभी राहून दमले होते. दोघांना एकच औषध देऊ नका. मोबाईल घेऊन खुर्चीत बसणं म्हणजे विश्रांती नव्हे, हे मात्र दोघांनाही लागू.

---

मनमोकळं (९ जुलै, सकाळी ९.००)

रात्रपाळी, हे सगळ्यात महत्त्वाचं लिहिलंत. आपण कुठल्या प्रकारचे दमलोय हे ओळखायची माझी एक साधी रीत आहे: दोन दिवस नीट झोप मिळाल्यावर एखाद्या गोष्टीची इच्छा परत होते का? होत असेल तर झोपच कमी पडत होती. झोपूनही होत नसेल, किंवा झोपच लागत नसेल, तर प्रश्न वेगळा.

---

लेथवाला३३ (१३ जुलै, रात्री १०.२५)

काय काय झालं ते क्रमानं सांगतो.

ताईंनी डोकं न लागणारं अर्ध्या तासाचं काम सांगितलं होतं. मी कूलंट निवडलं, म्हणजे कातताना टूल थंड ठेवणारं तेल-पाणी. लेथ महिनोन्‌महिने बंद राहिला की टाकीतलं कूलंट सडतं. वर तेलाचा थर येतो, खाली हवा जात नाही, आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. तो वास शॉपमध्ये एप्रिलपासून होता. रोज नऊ ते सहा मी त्या वासात बसत होतो आणि माझ्या लक्षातही येत नव्हतं. ७ तारखेला गडावरून आल्यावर बादली घेतली. सगळं उपसलं. तळाशी लोखंडाचा कीस आणि काळा गाळ, तो पत्र्यानं खरवडला. सोड्याच्या पाण्यानं दोनदा धुतलं. अर्धा तास ठरवला होता, अडीच तास गेले. नवीन कूलंट भरलं, पंप चालू केला आणि पांढरं दुधासारखं पाणी टूलवर पडायला लागलं. मी नुसताच बघत उभा राहिलो. त्या दिवशी दुसरं काही केलं नाही. पण मोबाईल दुपारी चारपर्यंत खिशातच होता.

दुसऱ्या दिवशी काहीच झालं नाही. परत खुर्ची. हे मुद्दाम लिहितोय, कारण असं वाटायला नको की बादली उचलली आणि सगळं फिरलं. गुरुवारी परत गड. शुक्रवारी लेथचा जॉब पकडणारा चक उघडून साफ केला.

शनिवारी हिशेबनीससाहेबांकडं गेलो. पिशवी घेऊन दारात दहा मिनिटं उभा होतो. त्यांनी पोर्टल उघडलं, मी डोळे खाली घातलेले. साहेब म्हणाले, बघा तरी. तिन्ही महिने रात्री नऊपर्यंत भरून झाले. उशिराचा आकार त्यांनी सांगितल्यापेक्षाही कमी आला, कारण मे महिन्यात बिलच नव्हतं. त्यांच्या घरी पिठलं-भात जेवलो. पैसे घ्यायला तयार नव्हते, शेवटी मी त्यांच्या गेटची कडी नीट करून देणार असं ठरलं.

काल घरी आईला सगळं सांगितलं. मार्चपासूनचं. ती म्हणाली, "मला ठाऊक होतं. तुझ्या कपड्याला तेलाचा वास येत नव्हता." अक्का, तुम्ही बरोबर होता.

तंबाखूपट्टा दादा, तुमचंही डोक्यात राहिलं. आमच्या लाइनीत असेच छोटे शॉपवाले आहेत. आज तिघांशी बोललो. दोघांचं काम त्याच गिऱ्हाइकानं काढलंय, आणि ते दोघंही मला टाळत होते, जसा मी त्यांना टाळत होतो. एकाकडं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) आहे, माझ्याकडं मिलिंग. मिळून मोठी ऑर्डर घेता येते काय ते बघणार आहोत.

कोटेशन अजून गेलेलं नाही. उद्या सकाळी दहा वाजता, असं कागदावर लिहून लेथच्या हेडवर चिकटवलंय.

---

धोटा (१४ जुलै, सकाळी १०.०५)

दहा वाजून गेले गा.

---

लेथवाला३३ (१४ जुलै, सकाळी १०.५०)

गेलं. आत्ताच पाठवलं. एकतीस दिवस उशीर झाला म्हणून आधी फोन करून माफी मागितली. ते म्हणाले, दुसऱ्यानं दर दिलाय पण माल पसंत पडला नाही, तुम्ही आधी एक नग करून दाखवा.

---

तंबाखूपट्टा (१४ जुलै, सकाळी ११.१५)

शाब्बास!

---

अभ्यासिका_निपाणी (१७ जुलै, संध्याकाळी ६.००)

सहा दिवस, तीस पाट्या. अक्कांचं ऐकलं, सहावी लिहिली नाही. 'ळ' लिहिताना अजून चुकते. काल चिकोडीची बस लागली आणि मी न अडखळता वाचली. मग तिच्यामागची जाहिरातही वाचत होते. इतिहासाचं पुस्तक आज आपसूक उघडलं गेलं. आईला अजून सांगितलेलं नाही. रविवारी सांगणार आहे.

---

लेथवाला३३ (१९ जुलै, रात्री ९.४०)

नग झाला. बोअर, म्हणजे आतलं भोक, २५ मिलिमीटर, एच-७, म्हणजे फरक चालतो तो शून्य ते अधिक एकवीस मायक्रॉन. पहिल्या तुकड्याला हात थरथरत होता, तो गेला वाया. दुसऱ्याला शेवटचा कट घेताना पितळेचा पिवळा भुसा मनगटावर उडाला, ओळखीचं वाटलं. बोअर गेज घातला. अधिक बारा मायक्रॉनवर आला, मापात.

तेलाच्या कागदात गुंडाळून दुपारच्या कोल्हापूर गाडीनं पाठवलाय. झोप अजून नीट नाही, एक-दीड वाजतातच. रक्त तपासायला सोमवारी जातोय, ताई. रिपोर्ट आला की कळवतो.

राजहंसगड, उद्या पाऊस असला तरी येतो. छत्री दोघांना पुरेल.